किलोचा डबा

या माणसाचं करायचं तरी काय, हे त्याच्या बायकोला एकतीस वर्षांत उमगलं नव्हतं, तिथं बाकीच्यांची काय कथा! सोसायटीच्या गोदामात तो मापाडी होता. गोदामाला एक हिरवं दार, दाराशेजारी खिडकी, खिडकीला लोखंडी फळी आणि फळीमागे हा. दर गुरुवारी सकाळी आठला खिडकी उघडायची आणि जनावरांच्या खुराकाचं वाटप सुरू व्हायचं. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं, रानात गवताची काडी उरली नव्हती, म्हणून खुराक मोजून मिळत होता. दुभत्या जनावराला रोज एक किलो. गाभण जनावराला शेवटचे अडीच महिने रोज दोन किलो. भाकड असेल तर खुराक नाहीच, फक्त कडबा, तोही दोन पेंढ्या. कार्ड दाखवायचं, आठवड्याचा खुराक पिशवीत घ्यायचा आणि चालू लागायचं.

किलो मोजायचा तो डब्याने. हा डबा म्हणजे त्याचा जीव की प्राण. अकरा वर्षांपूर्वी पहिल्यांदा खुराकावर नियंत्रण आलं तेव्हा गोदामातला जमिनीवरचा मोठा काटा एका बाजूने खचला होता. (तो आजही खचलेलाच आहे, दुरुस्तीचा अर्ज तेवढा दर वर्षी ताजा होतो.) तेव्हा याने तेलाचा एक रिकामा डबा घेतला, सोनाराच्या दुकानात जाऊन बसला आणि कात्रीने डब्याचा काठ कापत कापत असा खाली आणला की वरून पट्टी फिरवून सपाट केला की आत खुराक बरोब्बर एक किलो. सोनार शेवटी वैतागून म्हणाला होता, "अहो, मी सोनं इतक्या वेळा तोलत नाही!" पण हा हलला नाही. काठ ठोकून गुळगुळीत केला आणि तेव्हापासून अकरा वर्षं तो डबा रोज संध्याकाळी फडक्यात गुंडाळून घरी जायचा आणि सकाळी परत यायचा. बायको म्हणायची, "अहो, मला कधी एवढं सांभाळून आणलं नाहीत कुठून!"

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. माणूस सचोटीचा होता. डबा काठोकाठ भरणार, पट्टी फिरवणार, वर एक दाणा राहू देणार नाही आणि खाली एक दाणा कमी पडू देणार नाही. सगे असोत, शेजारी असोत, चिटणीस असोत. लोक त्याला काठोकाठ म्हणायचे, काही कौतुकाने, बरेचसे दात ओठ खाऊन. कारण सचोटीबरोबर त्याची जीभही यायची. कार्डाचा कोपरा दुमडला असेल तर बोलणार. पिशवीला भोक असेल तर बोलणार. नियम म्हणजे नियम. एकदा एका पोत्याची शिवण चार बोटं उसवलेली होती, तर याने गाडीवाल्याला भर उन्हात दोन तास थांबवून ठेवलं. "उघडं पोतं गाडीतून उतरत नाही आणि गाडीत चढतही नाही. आत काय घातलं, काय काढलं, कोण सांगणार?" गाडीवाल्याने हात जोडले, पाया पडायची तयारी दाखवली. शेवटी ते पोतं परत गेलं तेव्हाच गाडी हलली.

तर अशा या माणसाच्या गोदामात दोन महिन्यांपूर्वी नव्या गिरणीचा माल यायला लागला.

जुनी गिरणी बंद पडली होती. तिचा खुराक म्हणजे गोळी पेंड, कठीण, खड्यासारखी, डब्यात टाकली की खडखड वाजायची. नव्या गिरणीचा माल भुकटीचा, कोंडा भरपूर असलेला, हाताला मऊ लागणारा. पोती मोठी, टम्म फुगलेली. काठोकाठने पहिलं पोतं उघडून डबे मोजले, तर पन्नास डब्यांऐवजी निघाले पंचाहत्तरच्या वर! पोत्यावर छापलं होतं पन्नास किलो. दुसऱ्या कोणाच्या मनात इथे शंकेची पाल चुकचुकली असती. याच्या डोक्यात काय आलं? की नवी गिरणी दिलदार आहे. पन्नास छापते आणि पंचाहत्तर भरते! डब्यावर शंका घेणं त्याला जमण्यातलंच नव्हतं. छापलेला आकडा चुकू शकतो, काटा खचू शकतो, माणूस खोटं बोलू शकतो. डबा? डब्याला काय धाड भरलीय!

"याला म्हणतात धंदा," तो खिडकीतून सगळ्यांना ऐकवायचा. "नाहीतर ती जुनी गिरणी. एक दाणा जास्त नाही द्यायची कधी."

त्याच आठवड्यात त्याची ताई रांगेत आली. ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. नवरा गेल्यापासून गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्यांत एकटीच राहायची, म्हणजे ती आणि तिची बांडी गाय. बांडी हाच तिचा संसार आणि तिचं दूध हीच तिची मिळकत. बांडी गाभण होती, शेवटचे अडीच महिने नुकते लागले होते, म्हणून ताईला रोजचे दोन याप्रमाणे आठवड्याचे चौदा डबे मिळाले. याने एकेक डबा मोठ्याने मोजत पिशवीत ओतला. ताईने पिशवी खांद्याला लावली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"काय रे, पिशवी हलकी लागते मला."

"चौदा डबे घातलेत, तुझ्यासमोर मोजून."

"मोजलेस खरे. पण हलकी लागते."

"मग चांगलंच आहे की! खांदा दुखतो म्हणून रडत होतीस ना? चल हो बाजूला, मागे रांग आहे."

रांगेत हशा पिकला. ताईही हसली आणि गेली. पुढे तिने पुन्हा तो विषय काढला नाही. ती काढणार तरी कशाला? लहानपणापासून या भावाशी वाद घालून तिच्या पदरात कधी काही पडलं होतं?

महिना उलटला आणि एकेकाची कुरकुर सुरू झाली. दूध आटलं. कुणाच्या गाईच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या, कुणाची म्हैस गव्हाण चाटत बसायची. खिडकीशी येऊन लोक चाचरत सांगायचे आणि हा त्यांच्यावर खेकसायचा. "पाणी नीट पाजता का? गोठा झाडता का? वर्षभर जनावराकडे बघायचं नाही आणि इथे येऊन माझ्या मापाला नावं ठेवायची! हा घ्या डबा, बघा, हात लावून बघा, कुठे कमी आहे?" डबा कमी नव्हताच. डबा काठोकाठ होता. लोक डब्याकडे बघायचे, आपल्या पिशवीकडे बघायचे आणि मुकाट निघून जायचे.

एकटा सायकलवाला मुकाट गेला नाही. चौकात त्याचं पंक्चर काढायचं दुकान होतं आणि घरी एक म्हैस. तो फळीवर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, मी रोज एक डबा घालतोय, न चुकता. तरी म्हैस वाळत चाललीय. खुराकात काहीतरी गडबड आहे."

काठोकाठचा पारा चढला. "खुराकात नाही, घालणाऱ्यात गडबड आहे! अर्धा म्हशीला आणि अर्धा बाजारात, असं केलं की वाळणारच म्हैस!"

भर रांगेत, तीस-चाळीस माणसांसमोर तो हे बोलला. सायकलवाल्याचा चेहरा पडला. त्याने पिशवी उचलली आणि चालू लागला. पुढच्याच आठवड्यात त्याने म्हैस विकली. काठोकाठला हे कळलं तेव्हा तो बायकोला म्हणाला, "बघ, मी म्हटलं नव्हतं? त्याला सांभाळायचीच नव्हती." बायको अशा वेळी भांडी जोरात आदळायची, तशी आदळली.

इकडे गोदामात पोती शिल्लक राहू लागली. आधी महिन्याला चाळीस पोती यायची आणि महिनाअखेर चाळीसच्या चाळीस संपायची. आता महिन्याला चौदा उरली. दोन महिन्यांत अठ्ठावीस. सोसायटीचे चिटणीस, इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला दोन पेनं लावणारे गृहस्थ, इतके खूश झाले की त्यांनी वर पत्र पाठवलं. टंचाईच्या दिवसांत अठ्ठावीस पोत्यांची बचत! वरून शाबासकीचं पत्र आलं. चिटणीसांनी ते काचेत बसवून खिडकीच्या वर टांगलं. पत्राबरोबर हुकूमही आला: ही अठ्ठावीस पोती दुसऱ्या केंद्राला द्यायची, गुरुवारी दहा वाजता गाडी येईल. काठोकाठ रोज सकाळी त्या पत्राची काच फडक्याने पुसायचा. डब्याच्या फडक्यानेच!

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, बांडी बसली.

बसली म्हणजे खाली बसली ती उठेचना. व्यायला अजून दोन आठवडे होते. ताईने शेजारच्या मुलीला गोदामात पाठवलं आणि काठोकाठ डबा काखेत मारून धावत गेला. गोठ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आधीच आल्या होत्या. त्यांची फेरी बुधवारचीच असायची. वयाने लहान, पण कुणाचं ऐकून घेणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी गाईच्या शिरेत सलाईन लावलं होतं आणि ताईला बाटली धरून उभं केलं होतं.

"काय खायला घालता हिला?"

"दोन पेंढ्या कडबा आणि दोन डबे खुराक," ताई म्हणाली. "दोन महिने. एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरीणबाईंनी गाईच्या पाठीवरून, माकडहाडावरून हात फिरवला. "आजी, ही आजारी नाही. ही उपाशी आहे. पोटातलं वासरू हिचंच अंग खातंय."

झालं! काठोकाठचा भडका उडाला. "उपाशी? रोज दोन किलो खाणारी गाय उपाशी? अहो बाई, माझ्या हाताने मोजून देतोय मी. माझी सख्खी बहीण आहे ही, हिला मी कमी देईन?"

"कमी दिलं म्हटलं का मी, काका? डब्यात किती बसतं?"

"एक किलो!"

"तोलून बघितलंय?"

"अकरा वर्षांपूर्वी. सोनाराच्या काट्यावर."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याला उगाचच आपला शर्ट मळका वाटायला लागला. त्यांनी बॅगेतून ताणकाटा काढला, वासरं टांगून तोलायचा, वर कडी आणि खाली अडकवायचा आकडा असलेला. "चला गोदामात. यावर एक डबा नीट कळायचा नाही, दहा डबे तोलू."

गोदामात त्यांनी ताणकाटा छताच्या लोखंडी आडव्याला अडकवला. काठोकाठने स्वतः दहा डबे मोजले. आयुष्यात मोजले नव्हते इतके नीट. प्रत्येक डबा काठोकाठ, प्रत्येकावर पट्टी. रिकाम्या पोत्यात ओतून आकड्याला टांगले. काटा खाली सरकला आणि साडेसहावर थांबला.

"काटा खोटा आहे तुमचा," काठोकाठ ताबडतोब म्हणाला.

"बरं. हे शिवलेलं पोतं टांगा."

दोघांनी मिळून थप्पीवरचं एक न उघडलेलं पोतं टांगलं. धापा लागल्या. काटा पन्नासवर जाऊन थांबला. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही.

"पोत्यावर पन्नास, काट्यावर पन्नास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता राहिलं कोण?"

काठोकाठने हातातल्या डब्याकडे बघितलं.

"काका, तुमचा डबा जागा मोजतो. जुन्या गोळीने ती जागा भरायला किलो लागायचा. हा सगळा कोंडा, फुगलेला. याने जागा भरते आणि वजन भरत नाही. डब्याचा दोष नाही हो. खुराक बदलला तेव्हा एकदा, फक्त एकदा तोलून बघायचं होतं."

तो थप्पीकडे वळला. अठ्ठावीस पोती, सात-सातच्या चार रांगांत, त्याने स्वतः रचलेली. इतके दिवस त्याला ती बचत वाटत होती. आता त्याला कळलं ती काय होती. तो सगळ्या गावाच्या जनावरांच्या तोंडचा घास होता, आणि तो काढून इथे रचून ठेवणारा माणूस तोच होता. वर काचेत शाबासकी! त्याला स्वतःची इतकी चीड आली की त्याने डबा भिंतीवर आपटला. डब्याला पोचा आला. अकरा वर्षांतला पहिला.

संध्याकाळी तो चिटणीसांच्या घरी गेला. चिटणीस व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला.

"हे बघ, झालं ते झालं. उद्यापासून तोलून दे, प्रश्न मिटला."

"आणि मागचं, साहेब? दोन महिन्यांचं?"

"मागचं काय? मागचं खाऊन झालं."

"खाल्लंच नाही ना त्यांनी! ते गोदामात पडलंय. उद्या दहाला गाडी येऊन घेऊन जाईल."

"अरे, पत्र वर गेलंय! बचत म्हणून गेलंय. आता काय कळवू? आमच्या मापाड्याला माप कळत नाही म्हणून? माझी शोभा, तुझी शोभा. तोंड बंद ठेव. आजवर एक नियम मोडला नाहीस, आता म्हातारपणी काय डोक्यात घेतलंस?"

खरंच होतं. हुकूम लेखी होता, सहीशिक्क्याचा होता. अठ्ठावीस शिवलेली पोती दुसऱ्या केंद्राला. तो घरी आला, ताटावर बसला आणि तसाच उठला. बायको म्हणाली, "अहो, आता स्वतः उपाशी राहून कुणाचं पोट भरणार आहात? जेवा." तो जेवला. जेवताना एकदम थांबला, बायकोकडे बघितलं आणि विचारलं, "सुतळी कापायची आपली सुरी कुठाय गं?"

गुरुवारी सकाळी साडेसहाला त्याने गोदाम उघडलं. खिडकी नाही, दार. आत गेला आणि थप्पीतलं पहिलं पोतं खाली ओढून त्याची शिवण टराटरा कापली. मग दुसरं. मग तिसरं. रांगेत लवकर येऊन उभी राहणारी माणसं दारातून डोकावली. काठोकाठ, नियमवाला काठोकाठ, घामाने निथळत पोत्यांमागून पोती फाडतोय! "डोकं फिरलं की काय याचं?" कुणीतरी म्हणालं. अठ्ठाविसाव्या पोत्याची सुतळी काढून त्याने ती खिशात घातली आणि दारात येऊन उभा राहिला.

बोलायची त्याला काय कमी सवय! पण त्या दिवशी तो दोनदा आत जाऊन परत दारात आला. शेवटी तो जवळजवळ ओरडलाच.

"दोन महिने मी तुम्हाला कमी दिलंय. किलोच्या नावाखाली साडेसहाशे ग्रॅम. चोरी नाही केली, पण चूक केली, आणि वर तुम्हालाच बोललो. रोजचा एक डबा ज्याचा, त्याचं एकवीस किलो माझ्याकडे निघतं. ते आधी न्या, या आठवड्याचं मग. आणि हसायचं असेल तर रांगेत उभं राहून हसा, वेळ नाहीये, दहाला गाडी येतेय!"

कुणी हसलं नाही. एका बाईने कपाळाला हात लावला. एक म्हातारा इतका चिडला की दहा मिनिटं नुसता शिव्या घालत होता आणि काठोकाठ त्याची पिशवी भरत होता. ताणकाटा डॉक्टरीणबाईंनी ठेवून घ्यायला दिला होता. प्रत्येक पिशवी आकड्याला लागत होती आणि प्रत्येकजण काट्यावरचा आकडा स्वतः वाचत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सायकलवाला आला, पण पिशवी न घेता.

"तुझेही आहेत," काठोकाठ म्हणाला. "होती तोवरचे."

"कुठे घालू? म्हैस गेली माझी."

काठोकाठने काट्यावरचा हात काढला.

"सगळ्यांसमोर बोलला होतात ना मला, अर्धा खुराक बाजारात विकतो म्हणून? आता सगळ्यांसमोर सांगा."

"हा विकत नव्हता," काठोकाठ रांगेकडे बघून म्हणाला. "हा खरं बोलत होता. मला अक्कल नव्हती."

सायकलवाल्याने मान हलवली आणि गेला. माफ केलं असंही म्हणाला नाही, नाही केलं असंही नाही.

दहाला गाडी आली. पुढे चिटणीस बसलेले. उतरून त्यांनी गोदामात पाऊल टाकलं आणि तोंडाचा आ वासला. "पोती का उघडली? कुणाच्या परवानगीने? चढव, आहेत तशी चढव गाडीत!"

गाडीवाला आत आला. त्याने पोत्यांकडे बघितलं, काठोकाठकडे बघितलं आणि दोन्ही हात मागे घेतले. "उघडी पोती मी नेत नाही, साहेब. आत काय घातलं, काय काढलं, कोण सांगणार? या काकांनीच शिकवलंय मला. दोन तास उन्हात उभं करून शिकवलंय!"

चिटणीसांनी काचेतलं पत्र उतरवलं ते त्याच दिवशी. काठोकाठकडून लेखी खुलासा मागितला. त्याने एका ओळीत लिहून दिलं, की माल बदलल्यावर तोलून पाहिलं नाही, चूक माझी आहे. त्याची खिडकी गेली नाही, कारण ती घ्यायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

पण हे सगळं सांगून झालं तरी बांडीचं काय, हे राहतंच. ताईचे बेचाळीस किलो तो स्वतः दोन खेपांत घेऊन गेला. सकाळ-संध्याकाळ तोलून आंबोण भिजवलं, घमेलं तिच्या तोंडाशी धरून बसला. दर थोड्या वेळाने शेजाऱ्यांना बोलावून गाईला या कुशीवरून त्या कुशीवर केलं. ताईला झोप नाही, याला झोप नाही आणि दोघंही एकमेकांवर चिडचिड करतायत. "अरे, एवढं एकदम नको घालू, फुगेल ती!" "मग काय चिमटीने घालू?" तिसऱ्या दिवशी चौघांनी पोटाखालून पोती घालून उचललं तेव्हा बांडी थरथरत उभी राहिली. पाय फाकवून, मान खाली घालून, पण उभी राहिली. काठोकाठने गोठ्याच्या खांबाला टेकून डोळे मिटले. गाय वाचली होती.

बारा दिवसांनी ती व्याली. दुपारची वेळ होती, डॉक्टरीणबाई होत्या, फार त्रास झाला नाही. कालवड झाली. ताईने तिला गोणपाटाने पुसली, तोंड साफ केलं. कालवड श्वास घेत होती, पण उभं राहायचा तिचा पत्ता नव्हता. पाय काड्यांसारखे आणि कातडी अंगापेक्षा मोठी.

"वजन बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताणकाटा काठोकाठकडेच होता. त्यानेच तो आढ्याला टांगला, त्यानेच कालवडीच्या पोटाखालून गोणपाट घालून तिला आकड्याला लावलं. वाचायलाही तोच वाकला.

"सतरा."

"बांडीचं वासरू पंचवीसच्या घरात असायला हवं होतं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "जगेल. पण जपावं लागेल, वर्षभर तरी. ही मागेच राहणार."

काठोकाठ काट्याकडे बघत राहिला. आठ किलो कमी. डबा नव्हता, पट्टी नव्हती, वाद घालायला कुणी नव्हतं. तो घाईघाईने म्हणाला, "थांबा, खाली घेतो. पुन्हा मोजतो एकदा."

"पुन्हा मोजून वाढणार आहे का ती?" ताई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. नुसती दमलेली होती. "पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं रे मी तुला. पिशवी हलकी लागते म्हणून."

त्याने कालवडीला आकड्यावरून उतरवलं, दोन्ही हातांत घेतलं आणि बांडीच्या कासेशी नेऊन धरलं. तिला स्वतःला उभं राहता येईना, म्हणून तिचं पोट भरेपर्यंत तो तसाच वाकून उभा राहिला.